कारीचे दप्तर, भोरचे झेरॉक्स

भोरहून रायरेश्वराच्या दिशेने निघालात की रोहिडखोऱ्यात कारी नावाचे गाव लागते. कान्होजी जेध्यांचे गाव. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींवरून येणारी मंडळी इथे फारशी थांबत नाहीत. त्यांना रायरेश्वराची शिडी चढायची असते, वरची सात रंगांची माती पाहायची असते. मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी असाल तर मात्र इथे थांबायला हवे. जेधे देशमुखांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले एक दप्तर होते. त्यात शके १५४० ते १६१९ या काळातल्या घडामोडींची तिथीवार, त्रोटक टिपणे होती. दाजीसाहेब जेधे-देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती सोपवली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात ती छापून आली. तीच जेधे शकावली.

त्या टिपणांत शिवजन्माची तिथी निघाली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तोवर १६२७ साल धरून लिहिलेली पुस्तके घरोघर होती. मग वाद पेटला. मंडळात, वर्तमानपत्रांत, व्याख्यानमालांत तो कितीतरी वर्षे धगधगत राहिला. शेवटी राज्य सरकारनेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

या हकिकतीत मला तारखेपेक्षा त्या वादाचे मोल जास्त वाटते. दप्तर कारीच्या वाड्यातच राहिले असते, तर पाहुण्यारावळ्यांना दाखवून घराण्याचा मान तेवढा वाढला असता. ते छापून बाहेर पडले, म्हणून ज्यांना पटले त्यांनी वापरले आणि ज्यांना पटले नाही त्यांनी खोडून काढायला कंबर कसली. दोघांनाही कारीला जाऊन कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

कारीपासून फार लांब नाही, भोरच्या दक्षिणेला मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाई. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना पानिपतकाळातल्या पत्रांचा साठा सापडला तो वाईतच, आणि त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. त्या नावातला ‘साधने’ हा शब्द नीट पाहा. राजवाड्यांनी इतिहास लिहून लोकांच्या हाती ठेवला, असे झाले नाही. ज्यातून कोणालाही इतिहास लिहिता येईल असा कच्चा माल त्यांनी आधी सर्वांसमोर आणला. प्रस्तावनांत आपले मत ठासून मांडले, ते वेगळे. हल्ली उच्च शिक्षणाच्या चर्चासत्रांत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ असा जड शब्दप्रयोग ऐकला की मला राजवाड्यांचे खंड आणि कारीचे दप्तर आठवते. शब्दप्रयोग नवा आहे, पण भोरच्या मातीला तो परका नाही.

आता आजच्या भोरमध्ये या.

परीक्षेचे वेळापत्रक लागले की कुठल्याही तालुक्याच्या गावात जे दिसते तेच इथेही दिसते. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. पानाला रुपया-दोन रुपये. कुणाच्या तरी वहीतल्या नोट्स, त्याही कधीकाळी दुसऱ्या कुणाच्या नोट्सवरून उतरवलेल्या, यंत्राखालून पुन्हा सरकतात. समास कापला जातो, शेवटची ओळ अर्धी येते, आकृतीच्या जागी काळा डाग उमटतो. वही मूळ कुणाची, हे कोणालाच ठाऊक नसते. सर निवृत्त होतात, अभ्यासक्रम दोनदा बदलतो, तरी त्यांच्या नोट्स फिरतच राहतात. चुकाही तशाच फिरतात. कारण त्या दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला आहे, हेच ठरलेले नसते.

दुसरा आधार गाईडचा. तिसरा मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफचा, ज्या कुणी बनवल्या आणि कुठून आल्या हे विचारायची रीत नाही. ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एक प्रत असते आणि ती ‘सरांच्या नावावर’ असते. माझ्या विद्यार्थीदशेत अर्थशास्त्राचे एक पुस्तक मला एका रात्रीपुरते मिळाले होते, तेही ग्रंथालयातल्या शिपाईकाकांच्या मेहेरबानीने. सकाळी ते परत करताना निम्मे वाचायचे राहिले होते. ते निम्मे मी आजतागायत वाचलेले नाही.

या मुलांची ठिकाणे ध्यानात घ्या. भोर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १ लाख ८६ हजारांच्या घरात, वेल्ह्याची जेमतेम ५४ हजार. सरकारी कागदावर वेल्हे तालुका आता राजगड झाला आहे, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच. डोंगर, खोरी, धरणांचे फुगवटे आणि त्यांच्या कडेकडेने वळसे घेणारे रस्ते. पासली-केळदच्या बाजूचे पोर कॉलेजला निघते ते विंझर, मार्गासनी, नसरापूर करत. पुढे कुणी भोरला वळते, कुणी चेलाडी फाट्यावरून पुण्याची गाडी धरते. भोरमध्ये राजगड ज्ञानपीठाचे अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग धरणारेही पुष्कळ असतात, विशेषतः शिरवळच्या कंपन्यांत पाळीवर जाणारी मुले आणि लग्नानंतर शिक्षण पुन्हा हाती घेतलेल्या बायका. अशा विद्यार्थ्याला वर्ग कमी आणि छापील पान जास्त शिकवते. म्हणून पान कसे आहे, याला महत्त्व आहे.

त्या पानाचे राजकारण दिल्लीच्या न्यायालयात एकदा चांगलेच रंगले होते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. अनेक पुस्तकांतली अभ्यासाला लागणारी प्रकरणे एकत्र करून दुकानदार जुडगी विकत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला: शिकवण्याच्या ओघात अशा प्रती काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिकवण्यासाठीची ही मुभा मान्य केली आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. भोरच्या झेरॉक्सवाल्याला या निकालाची खबर असण्याचे कारण नाही, पण त्याच्या गल्ल्यामागे तो उभा आहे.

निकाल मोलाचाच, पण त्याने काय दिले ते पाहा. प्रत काढण्याची मुभा दिली; प्रत बदलण्याची, तिचे मराठी करण्याची, त्यात आपले प्रकरण घालून ती जगासमोर ठेवण्याची दिली नाही. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक नेमका इथे आहे. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी घोषणा तो मुद्दाम किंवा अजाणता पुसून टाकतात.

गावाकडच्या भाषेत सांगायचे तर फुकट म्हणजे पंगत आणि मुक्त म्हणजे शिधा. पंगतीत वाढतील ते खायचे, घरी न्यायचे नाही, भाजीत मीठ कमी पडले तरी बोलायचे नाही. शिधा घरी नेता येतो. भाकरी करा, आमटी करा, शेजाऱ्याला द्या, पाहिजे तर त्याचेच दुकान थाटा. फक्त दिला कुणी ते सांगा. काही दाते आणखी एक अट घालतात: यातून जे शिजवाल तेही असेच वाटा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ साली निघाले, त्यांचा गाभा एवढाच. लेखकाचा हक्क जात नाही. उलट, हक्क आहे म्हणूनच तो ही परवानगी आगाऊ लिहून देऊ शकतो. त्याच वर्षी पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा रूढ झाली. आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम महाजालावर खुले करण्याची घोषणा केलेली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या महासभेने या विषयावर सदस्य राष्ट्रांना रीतसर शिफारसही केली. हा झाला सनावळीचा भाग. तो इथेच पुरे.

या मापाने आपले घर तपासू. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात कोणालाही उतरवून घेता येतात. लाखो मुलांना त्याचा उपयोग झाला. पण आतल्या पानावर सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आणि लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करू नये, ही सूचना आहेच. म्हणजे पंगत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केलेले मराठी विश्वकोशाचे काम, १९७६ मध्ये पहिला खंड आणि पुढे २० खंडांपर्यंतचा प्रवास, आज संकेतस्थळावर पैसा न मोजता वाचता येते. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने महाजालावर आणला. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके ई-पुस्तके म्हणून मोफत आहेत. ही श्रीमंती लहान नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला ‘पर्जन्यछाया’ म्हणजे काय हे गाईडपेक्षा विश्वकोशात कितीतरी चांगले कळते. अडचण एवढीच की हे सारे आहे, हे तिला वर्गात सहसा कोणी सांगत नाही.

आणि जिथे खरोखर शिधा वाटला गेला ते उदाहरण शेजारच्या गोव्यातले आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-समवाटप परवान्याखाली खुला केला. आता तो कोणीही विकिपीडियात घालावा, त्यात भर टाकावी, त्याची छोटी पुस्तके करून विकावी. विद्यापीठाची हरकत नाही. भाषा लहान असली की असे धाडस लवकर सुचत असावे. मोठ्या भाषेला आपल्या कपाटाची जास्त काळजी!

पैशाच्या बाजूने पाहिले तर सरकार हात आखडते घेत नाही, हे मान्य करावे लागेल. एन-लिस्ट नावाची योजना आहे. महाविद्यालयाने वर्षाला ५,९०० रुपये भरले की ६ हजारांहून अधिक नियतकालिके आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तके प्राध्यापक-विद्यार्थ्यांना उघडतात. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० संस्था. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात महाविद्यालये चालवतात त्या बहुतांशी खासगी शिक्षणसंस्था, त्या बाहेरच्या ओट्यावर. बरे, आत घेतले तरी ही वर्गणी आहे. भाडे भरले तोवर घर आपले. ६ हजार कोटींत आपण एकही पान मालकीचे करून घेतलेले नाही, आणि त्या पानांत मराठी शोधूनही सापडणार नाही.

याची एक गोष्ट सांगतो, ती वेल्ह्याच्या आणि भोरच्या डोंगरांशी जोडलेली आहे. या भागात गावोगाव देवराया आहेत. पानशेतच्या जलाशयामागे शिरकोलीची शिरकाई देवराई पुष्कळांनी पाहिली असेल. देवाच्या नावाने राखलेले रान, काठीलाही हात लावायचा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर पायाभूत काम केले. त्यांचा एक निबंध १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि दुसरा १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या परदेशी नियतकालिकात. विषय तोच, लेखक तेच, मध्ये एका वर्षाचे अंतर. आज पहिला निबंध जैवविविधता वारसा ग्रंथालयाच्या खुल्या संकेतस्थळावर कोणीही वाचावा. दुसऱ्यापुढे प्रकाशकाची पैशाची खिडकी. ज्या गावांनी शेकडो वर्षे रान राखले, त्याच गावातली मुलगी वनस्पतिशास्त्र शिकायला लागली की तिला आपल्या रानाबद्दल वाचायला परदेशात डॉलर पाठवावे लागतात. नीरेच्या खोऱ्यातली म्हातारी माणसे भाटघरकडे बोट दाखवून म्हणतात तसे आहे हे: पाणी आमचे, ऊस तिकडे.

आणि दोन्ही निबंध इंग्रजीत. देवराई, राखण, गावकी, कौल या सगळ्या मराठी गोष्टी इंग्रजीत जाऊन बसल्या त्या परत आल्याच नाहीत. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला सादर झाला; तो लोकांसमोर यायला माहिती अधिकार आणि न्यायालय यांचा रेटा लागून मे २०१२ उजाडला. त्यानंतर परिस्थितिकीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांचे मसुदे एकामागून एक निघाले. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यातही भोर-वेल्ह्यातली गावे आहेत आणि हरकती नोंदवायला दिवस होते ६०. अशा वेळी गावातला पदवीधर मुलगा तो मसुदा उलगडून सांगू शकेल का, यावर ग्रामसभेची अक्कल ठरते. त्याने महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपर दिलेला असतो. त्याच्या गाईडमध्ये ॲमेझॉनचे जंगल असते, शिरकाईचे नसते.

म्हणूनच मला वाटते, ग्रामीण महाविद्यालयासाठी मुक्त साधनांची खरी किंमत पुस्तकाच्या वाचलेल्या पैशात मोजू नये. गाईड दोनशे रुपयांचे असो की फुकट, त्यात तालुका नसेल तर ते सारखेच परके. खरी किंमत आहे ती बदलण्याच्या हक्कात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून चालणाऱ्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र यांची पहिली खुली पाठ्यपुस्तके काढली. समाजशास्त्राच्या त्या पुस्तकातली उदाहरणे साहजिकच अमेरिकेची. पण परवाना असा की भोरच्या प्राध्यापकाने ते प्रकरण उचलावे, मराठी करावे, परस्परसहकार्याच्या जागी सावड आणि इर्जिक घालावी, स्थलांतराच्या जागी वेल्ह्यातून मुंबईला गेलेली पिढी घालावी, विस्थापनाच्या जागी पानशेत. मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि आपले पुस्तक छापावे. कुणाला पत्र लिहायला नको, रॉयल्टीची घासाघीस नको.

पानशेतवरून आठवले. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले आणि पुणे बुडाले, हे पुण्याच्या प्रत्येक घरात सांगितले जाते. पानशेत वेल्हे तालुक्यात आहे, हे सांगणारे त्या मानाने कमी. भोर-वेल्हे या दोन तालुक्यांत १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे लॉइड धरण आहे, वरसगाव आहे, नीरा-देवघर आहे, गुंजवणी आहे. जलसिंचन, पुनर्वसन, बांधकामाचे तंत्र, धरणफुटीची कारणे, लाभक्षेत्राचे राजकारण, कोणताही धडा घ्या, प्रयोगशाळा एसटीने तासाभराच्या अंतरावर. भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, स्थापत्य असे चार विषयांचे प्राध्यापक एका टेबलाशी बसले तर दोन वर्षांत ‘दोन तालुक्यांची धरणे’ असे पुस्तक होईल. ते परवान्यासह खुले ठेवले, तर कोयनेकाठचे महाविद्यालय त्यातला सांगाडा घेऊन स्वतःचे मांस भरेल. अशी पुस्तके बाजार काढत नाही. बाजाराला तालुका परवडत नाही, त्याला विद्यापीठाचे अख्खे कार्यक्षेत्र लागते.

असे होत नाही, याचे खापर विद्यार्थ्यांच्या माथी फोडू नये. प्राध्यापकांच्या माथीही सरसकट नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला गुणांचा तक्ता काढून पाहा. भाषा-सामाजिकशास्त्रातल्या प्राध्यापकाने मान्य नियतकालिकात एक शोधनिबंध छापला की १० गुण. तोच प्राध्यापक तीनशे पानांचे पुस्तक मराठीत अनुवादित करेल, त्याला ८. एका प्रकरणाचा अनुवाद केला तर ३. संपूर्ण अभ्यासक्रमाचे ई-पुस्तक तयार केले तर १२. कुणी वाचले न वाचले असा आठ पानांचा निबंध आणि वर्षभर घाम गाळून केलेला अनुवाद यांत तक्ता निबंधाला वरचढ ठरवतो. संसार चालवणारा माणूस काय निवडेल? आणि दुसऱ्याच्या खुल्या पुस्तकात आपल्या खोऱ्याचे एक प्रकरण घातले, चुका दुरुस्त केल्या, आकृत्या नव्याने काढल्या, तर त्यासाठी तक्त्यात वेगळा रकानाच नाही. राजवाडे आज असते तर साधनांच्या २२ खंडांबद्दल त्यांना किती गुण मिळाले असते, हा हिशेब मी गमतीने करून पाहिला आणि सोडून दिला.

दरम्यान अभ्यासक्रम मात्र धावतो आहे. २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला लागू झाले. भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याचे पेपर, दुसऱ्या शाखेतले ऐच्छिक विषय. इतक्या नव्या पेपरांना मराठी पुस्तके एका उन्हाळ्यात कुठून येणार? केंद्राने जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर केला: पाच वर्षांत भारतीय भाषांतून २२ हजार पुस्तके. तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची मराठी पुस्तके ई-कुंभ संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखा मराठीतून सुरू झाली, तिला तो आधार झाला. यंत्राने अनुवाद करण्याची सोयही आली आहे. यंत्राचा अनुवाद हा भरड दळलेल्या पिठासारखा असतो, चाळून घ्यावा लागतो. पण चाळायला पीठ आले, हे खरे. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश महाजालावर आहेतच. चाळणीही घरातच आहे म्हणायची.

जे आत्ता, या घडीला, चालते त्याबद्दलही सांगायला हवे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचे धडे. पडद्यावर प्रोग्रॅम इंग्रजीत, कानात मराठी. लिबर ऑफिस, पायथॉन, सी, लिनक्स. एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला हाताने करून पाहायचे. परवाना मुक्त, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एकदा उतरवून घेतले की महाजाल नसले तरी चालते. गुंजवणीच्या खोऱ्यात ‘रेंज आली का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतकाच नेहमीचा आहे. तिथे पेनड्राइव्हवर मावणारे ज्ञान हेच ज्ञान. एनपीटीईएलची आयआयटीतली व्याख्याने २००३ पासून साठत आली आणि त्यांतल्या काहींच्या संहिता आता मराठीतही आहेत. दृश्यफीत अडते तिथे संहिता पोचते. छापूनही घेता येते. पुन्हा झेरॉक्सच!

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी टाकाऊतून विज्ञानाची खेळणी केली, ती करण्याची रीत सांगणारी चित्रे-फिती आणि हजारो पुस्तके आपल्या संकेतस्थळावर कोणालाही उचलू दिली. ते काम शाळकरी मुलांसाठी, पण वृत्ती हीच. आपण केलेले काम कुणी उचलले याचा राग न येता आनंद होणे, हा स्वभावाचा भाग आहे. परवाना नंतर येतो.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक मला मनापासून पटतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांनी मराठीतून पदवीची पुस्तके काढण्याची जोखीम वर्षानुवर्षे घेतली. सरकारी प्रयत्नांचे काय झाले? विद्यापीठीय पुस्तके मराठीत आणण्यासाठी नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. सत्तरच्या दशकात त्याने चांगली पुस्तके काढली. ती आज रद्दीत किंवा जुन्या ग्रंथालयांच्या वरच्या फळीवर. बाजारातला प्रकाशक निदान टिकला. सगळे फुकट झाले तर त्याने काय करावे? माझे उत्तर असे की लेखकाला आधी पैसे द्या आणि मग पुस्तक खुले करा. सार्वजनिक पैशातून वेतन किंवा अनुदान घेऊन लिहिलेले पुस्तक खुले असावे. स्वतःच्या खिशातून काढलेल्या पुस्तकावर कुणी जबरदस्ती करू नये. आणि नागपूरच्या मंडळाची ती पुस्तके कुलपात ठेवून कुणाचाच धंदा चालत नाही. शासनाने एका आदेशाने ती स्कॅन करून खुल्या परवान्याखाली ठेवावीत. जुनी झाली असतील, तरी तर्कशास्त्र आणि भूमिती इतक्या लवकर शिळी होत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. ‘फुकट ते पौष्टिक’ हे कुणीच मानत नाही. खुल्या पुस्तकात चुका असतात, अगदी असतात. पण झेरॉक्सच्या वहीतली चूक दुरुस्त करता येत नाही आणि खुल्या पुस्तकातली येते, एवढा फरक आहे. जेधे शकावलीवर आक्षेप घेणारे निघाले ते ती छापली गेली म्हणूनच.

तेव्हा भोर, नसरापूर, वेल्हे आणि अशाच कुठल्याही तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या, विशेषतः निवृत्तीला आलेल्या मंडळींना एक विनंती आहे. तुमच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात आहेतच, तिथून त्या कोणी काढून घेऊ शकणार नाही. या दिवाळीच्या सुट्टीत त्या एकदा नीट उतरवा, चुका काढा, आपल्या खोऱ्यातले एक उदाहरण घाला. आणि पहिल्या पानावर, आपल्या नावाखाली, स्वच्छ अक्षरात एवढे लिहा: ‘श्रेय देऊन कोणीही वापरावे, छापावे, बदलावे, बदलेल त्यानेही असेच खुले ठेवावे.’ मग ती प्रत परत दुकानात नेऊन द्या.